न्यायदेवतेच्या गावी

हॉलंडला जाऊन आले असे सांगितले की ऐकणारा पहिल्यांदा ट्यूलिपांचीच चौकशी करतो. मी गेले 2024 च्या डिसेंबरात. त्या दिवसांत ट्यूलिपचे कांदे जमिनीखाली निजलेले असतात आणि जमिनीवर पाऊस, वारा आणि सायकली यांचे राज्य असते. तेव्हा फुलांचे वर्णन या लेखात नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा भाचा डेल्फ्टच्या विद्यापीठात बांध-बंधाऱ्यांचे शास्त्र शिकतो. त्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात मी मुक्काम ठोकला आणि तेथून रोज सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन हेगला जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, लोक इथून पॅरिसला जातात, निदान चीजच्या बाजाराला तरी जातात. तू रोज कोर्टात जातेस. शेताच्या बांधाचा दावाबिवा लागलाय का आपला?"

दावा आमचा नव्हता. पण 1995 च्या जुलैत, मी शाळकरी वयाची असताना, वर्तमानपत्रात एक छायाचित्र आले होते. युगोस्लाव्हिया फुटला, त्यातल्या बोस्नियात युद्ध पेटले आणि तेथले एक गाव पडले, अशी बातमी होती. गावाचे नाव स्रेब्रेनित्सा. माणसांनी खचाखच भरलेल्या गाड्या गाव सोडून चालल्या होत्या. माझ्या आईने ते चित्र बराच वेळ पाहिले आणि ती म्हणाली, "यांच्यात एकही बाप्या दिसत नाही गं." ते बाप्ये कोठे गेले, याचा हिशेब पुढे सव्वीस वर्षे ज्या गावात मांडला गेला, ते हे हेग.

डेल्फ्टच्या बाजारचौकात, नव्या चर्चसमोर, एका झगेवाल्या पंडिताचा पुतळा आहे. हा ह्यूगो ग्रोशियस. जन्म 1583, येथलाच. युद्धालाही कायदा असतो आणि तो राजालाही लागू असतो, असे सांगणारा त्याचा ग्रंथ 1625 साली निघाला; आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची गंगोत्री शोधत गेले की बहुतेक जण याच्या दारात पोचतात. पण मला हा गृहस्थ आवडला तो दुसऱ्याच कारणाने. राजकीय भांडणात त्याला जन्मठेप झाली आणि एका किल्ल्यात कोंडले गेले. त्याला वाचायला पुस्तकांची पेटी येई आणि वाचलेली पुस्तके घेऊन परत जाई. 1621 साली त्याच्या बायकोने पुस्तकांऐवजी नवऱ्यालाच पेटीत घातले आणि बाहेर काढले. आग्र्याचे पेटारे यानंतर पंचेचाळीस वर्षांनी निघाले! मराठी माणसाला या कथेत अडखळण्यासारखे काही नाही. कायद्याचा आद्य आचार्य कैद मोडून पळालेला होता, एवढीच काय ती गंमत.

डेल्फ्टहून एक नंबरची ट्राम निघते ती हेगमधून थेट समुद्रापर्यंत जाते. वाटेत तिचा एक थांबा शांतिप्रासादासमोर आहे. ही इमारत आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिलेली आहे. कुलभूषण जाधव यांचा खटला येथेच चालला, नागपूरचे हरीश साळवे येथेच बोलले आणि 17 जुलै 2019 ला निकाल लागला तो येथूनच. लाल विटा, टोकदार छपरे आणि एका बाजूला उंच मनोरा; एखाद्या संस्थानिकाने युरोपची सफर करून आल्यावर बांधून घेतलेल्या राजवाड्यासारखी ती दिसते. पैसे अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन पोलादसम्राटाने दिले, पंधरा लाख डॉलर. देशोदेशींनी आहेर पाठवले. मनोऱ्याचे घड्याळ स्वित्झर्लंडचे, रेशमी पडदे जपानचे, कित्येक मणांचे एक दगडी पात्र रशियाचे. कुंपणाची फाटके जर्मनीने दिली आणि प्रवेशद्वाराचे दरवाजे बेल्जियमने. 28 ऑगस्ट 1913 ला वास्तुशांत झाली. त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत फाटके देणाऱ्याचे सैन्य दरवाजे देणाऱ्याच्या घरात घुसले.

येथे बसणारे आंतरराष्ट्रीय न्यायालय देशादेशांचे तंटे ऐकते. माणसाला येथे स्वतःच्या नावाने दाद मागता येत नाही. बोस्नियाने सर्बियाविरुद्ध येथे फिर्याद केली होती. 26 फेब्रुवारी 2007 ला निकाल झाला: स्रेब्रेनित्सात झाला तो वंशसंहारच, सर्बियाने स्वतः तो केल्याचे सिद्ध होत नाही, मात्र तो टाळण्याचे आणि गुन्हेगार हवाली करण्याचे कर्तव्य त्याने पाळले नाही. नुकसानभरपाई? काही नाही. हा निकाल वाचताना मला आमच्याकडच्या जुन्या पंचांची आठवण झाली, दोन्ही घरांशी संबंध राखून बोलणाऱ्या. पण वंशसंहार हा शब्द पंधरा-सोळा देशांच्या न्यायाधीशांनी एकदा लिहून ठेवला, तो आता कोणाला खोडता येत नाही, हेही खरे.

शांतिप्रासादापासून चर्चिल चौकापर्यंत मी चालत गेले. भिजत गेले म्हणणे जास्त बरोबर. तेथे एका विमा कंपनीची जुनी, घडीव दगडाची, जराशी कंटाळवाणी इमारत आहे आणि तिच्यासमोर पाण्याचे तळे. या विम्याच्या कचेरीत 1993 साली स्थापन झालेले युगोस्लाव्हियाचे न्यायाधिकरण भरत असे. न्यूरेंबर्ग आणि टोकियो यांच्यानंतर जगाने युद्धगुन्ह्यांसाठी उभे केलेले हे पहिले न्यायासन. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की न्यूरेंबर्गला जेत्यांनी जितांना उभे केले होते. येथे युद्ध चालू असतानाच सुरक्षा समितीने ठराव करून न्यायाधिकरण स्थापन केले. सुरुवातीला त्याच्यापुढे आरोपीच नव्हते. पोलीस नाहीत, फौज नाही. स्रेब्रेनित्सा घडले ते हे न्यायाधिकरण स्थापन झाल्यावर दोन वर्षांनी. कोर्टाच्या भीतीने माणसे गुन्हा करायची थांबतात असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

काय घडले ते थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांनी स्रेब्रेनित्साला 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केले होते. रक्षणाला काहीशे डच शिपाई होते. 11 जुलै 1995 ला जनरल म्लादिचच्या सर्ब फौजेने गाव घेतले. हजारो माणसे पोटोचारी येथल्या डच तळाकडे धावली. तेथे बाया-मुलांना एकीकडे काढले, पुरुषांना आणि मिसरूड फुटलेल्या पोरांना दुसरीकडे. जे रानातून पळाले त्यांतले पुष्कळ वाटेत पकडले गेले. पुढच्या काही दिवसांत शाळा, गोदामे, शेते अशा ठिकाणी नेऊन त्यांना मारण्यात आले. पोटोचारीच्या स्मारकशिळेवर 8,372 नावे आहेत.

आणि मग, सप्टेंबर-ऑक्टोबरात, मारणाऱ्यांनी ते खड्डे यंत्रांनी पुन्हा उकरले आणि प्रेते दूरच्या डोंगरात नेऊन पुरली. पुरावा नष्ट व्हावा म्हणून. यंत्राच्या दातांनी देह तुटले. एकाच माणसाची हाडे दोन-दोन, तीन-तीन खड्ड्यांत निघाली.

न्याय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तराजू घेतलेली बाई येते. तिच्या हातात खरे म्हणजे फावडे द्यायला हवे. या न्यायाधिकरणाचे तपासनीस 1996 पासून ते खड्डे उकरू लागले. कोझलुक गावाजवळचा एक खड्डा बाटल्या भरण्याच्या कारखान्याचा कचरा टाकायच्या जागी होता. त्यात हिरव्या काचांचे तुकडे सापडले. तशाच काचा कित्येक मैलांवरच्या दुसऱ्या खड्ड्यात सापडल्या. मग माती जुळली, डोळ्यांवर बांधलेल्या फडक्यांचे कापड जुळले, हातांना बांधलेल्या दोऱ्या जुळल्या. काही मनगटांवर घड्याळे होती. त्यांतली काही हाताच्या हालचालीवर आपोआप किल्ली बसणारी. असे घड्याळ हात हलत असेपर्यंत चालते, हात थांबला की दीड-दोन दिवसांत थांबते. थांबलेल्या तबकडीवर वार आणि तारीख होती. ही माणसे लढाईत पूर्वीच कधीतरी मेलेली, असे म्हणणाऱ्या वकिलांना त्या घड्याळांनी उत्तर दिले.

हा पुरावा न्यायालयासाठी गोळा झाला होता, पण त्याची खरी वाट पाहणाऱ्या होत्या त्या बाया. नातेवाइकांच्या रक्तावरून हाडांची ओळख पटवण्याचे शास्त्र बोस्नियात जेवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरले गेले तेवढे त्याआधी कोठेही वापरले गेले नव्हते. जवळजवळ सात हजार जणांची ओळख त्यातून पटली. ओळख पटल्याचा निरोप येतो तेव्हा आईला एक प्रश्न विचारावा लागतो. मुलाची काही हाडे मिळाली आहेत, एवढीच दफन करायची, की बाकीची सापडेपर्यंत थांबायचे? दर 11 जुलैला पोटोचारीत दफनविधी होतात. काही कबरी पुन्हा उघडाव्या लागतात, कारण आणखी एखादे हाड सापडलेले असते. आपल्याकडे तेराव्याला घर मोकळे होते. त्या घरांचे तेरावे वीस-पंचवीस वर्षे झालेले नाही.

या इमारतीतल्या साक्षीदारांपैकी एकाची हकीगत मला विसरता येत नाही. द्राझेन एर्देमोविच हा तेवीस वर्षांचा शिपाई. त्याने आपण होऊन कबूल केले की ब्रान्येवो येथल्या शेतावर 16 जुलै 1995 ला बसगाड्या भरभरून माणसे आणली जात होती आणि आम्ही त्यांना दहा-दहा करून गोळ्या घालत होतो. त्याने नकार दिला तेव्हा, तुला यांची कीव येत असेल तर यांच्याच रांगेत उभा राहा, असे त्याला सांगण्यात आले. आपल्या हातून सत्तरएक माणसे मेली असावीत, असा त्याचा अंदाज. त्याने सांगितले नसते तर ती जागा तपासनिसांना तेव्हा ठाऊक नव्हती. त्याला आधी दहा वर्षांची आणि अपिलानंतर, 1998 साली, पाच वर्षांची शिक्षा झाली. सत्तर जीव आणि पाच वर्षे! भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "हा न्याय?" मला ते गणित पटत नाही. पण तो बोलला म्हणून शेकडो आयांना मुलाची जागा कळली आणि बडे सेनापती पिंजऱ्यात आले. त्या आयांपैकी कोणाला विचारले तर ती कोणता भाग निवडील, हे दुसऱ्या कोणी ठरवू नये, असे मात्र वाटते.

बडे मासे सापडायला वेळ लागला. मिलोशेविच खटला चालू असतानाच 2006 च्या मार्चमध्ये कोठडीत मेला. निकाल लागलाच नाही. काराजिच तेरा वर्षे फरारी होता आणि सापडला तेव्हा बेलग्रेडमध्ये लांब दाढी, डोक्यावर बुचडा, अशा थाटात निसर्गोपचाराचा वैद्य होऊन व्याख्याने देत होता. म्लादिच 2011 साली एका खेड्यात नातेवाइकाच्या घरी मिळाला. काराजिचला 2019 साली अपिलात जन्मठेप झाली. म्लादिचला 2017 साली झाली आणि 8 जून 2021 ला ती कायम झाली. स्रेब्रेनित्साच्या बाया या निकालांना बसने, विमानाने येत आणि काचेपलीकडे बसत. काहींच्या हयातीत हा दिवस आला नाही.

एकूण 161 जणांवर आरोप ठेवले गेले आणि शेवटी त्यांतला एकही फरारी उरला नाही. साडेचार हजारांवर साक्षीदार बोलले. त्यांत फोचा गावच्या बाया होत्या, ज्यांना महिनोन्महिने घरांत कोंडून शिपायांच्या स्वाधीन केले गेले होते. 22 फेब्रुवारी 2001 ला झांबियाच्या न्यायाधीश फ्लॉरेन्स मुम्बा यांनी तो निकाल वाचला. युद्धात असे व्हायचेच, असे जे हजारो वर्षे म्हटले जात होते, त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा हे नाव लावून अठ्ठावीस, वीस आणि बारा वर्षांच्या शिक्षा दिल्या. त्या बायांची नावे निकालपत्रात नाहीत, आकडे आणि अक्षरे आहेत. गावी परतल्यावर जगता यावे म्हणून.

भाषेच्या अध्यापिकेला एक गोष्ट येथे हटकून दिसते. युद्धापूर्वी ज्या भाषेला सर्बो-क्रोएशियन म्हणत, तिचे देशांबरोबर तुकडे झाले. न्यायाधिकरणाने त्यावर तोडगा काढला: बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन अशी तिन्ही नावे एकत्र लिहायची आणि दुभाषा एकच ठेवायचा. मारणारा आणि मरणारा एकमेकांचे बोलणे दुभाष्यावाचून समजत होते; दुभाषी लागला तो न्यायाधीशांना.

दुभाष्यावरून आठवले. पोटोचारीच्या डच तळावर हसन नुहानोविच हा तरुण संयुक्त राष्ट्रांचा दुभाषी होता. त्याचे आईवडील आणि धाकटा भाऊ तळावर आश्रयाला होते. डच अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की नोकरीत असलेल्यांनी राहावे, बाकीच्यांनी बाहेर पडावे. तो हुकूम आपल्या घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगणारा हसनच होता. तिघेही मारले गेले. त्याने डच सरकारवर दावा लावला, आणि तो चालला याच हेग शहरात, त्यांच्याच न्यायालयांत.

डच सर्वोच्च न्यायालय गावाच्या मध्यभागी आहे. नवी, काचेची, झुळझुळीत इमारत. बाहेर सहा जुन्या कायदेपंडितांचे पुतळे बसवलेले आहेत आणि त्यांत आपले पेटीवाले ग्रोशियसही आहेत. या न्यायालयाने 2013 साली नुहानोविच यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर स्रेब्रेनित्साच्या मातांच्या संघटनेचा दावा 19 जुलै 2019 ला सुटला. तळाच्या आत असलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांना डच शिपायांनी बाहेर जाऊ दिले, यात सरकारची जबाबदारी आहे. पण आत ठेवून घेतले असते तरी ते वाचण्याची शक्यता दहा टक्केच होती, म्हणून जबाबदारीही दहा टक्के. खालच्या न्यायालयाने ती तीस टक्के धरली होती. टक्के कसे मोजले असतील, याचा विचार करीत मी त्या पुतळ्यांसमोर डबा सोडला. पोळी गार झाली होती. पुत्रशोकाचा दहावा हिस्सा ही कल्पना मला अजूनही अभद्र वाटते. पण आपल्याच सैन्याविरुद्ध परक्या देशातल्या विधवांचा दावा चालवून तो अंशतः का होईना मान्य करणारी न्यायालये जगात किती आहेत, हेही तेथे बसून मोजून पाहिले. एका हाताची बोटे पुरली.

चौथ्या दिवशी समुद्राकडे गेले. त्या भागाचे नाव स्खेव्हेनिंगेन. महायुद्धात जर्मन हेर ओळखायला डच लोक हा शब्द उच्चारायला लावत, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे 'ळ' घेऊन परीक्षा पाहता येईल तशीच. मी तो शब्द ट्राममध्ये दोनदा उच्चारला आणि शेजारच्या आजीबाईंनी मला समजुतीने दुसऱ्यांदा दुरुस्त केले.

तेथल्या वाळूच्या टेकड्यांच्या कडेला, जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सहा काचेच्या इमारती आहेत. मधल्या उंच इमारतीच्या भिंतीवर वेली-झाडे लावली आहेत. हे कायमचे न्यायालय. रोममध्ये 1998 साली करार झाला, 2002 पासून काम सुरू झाले. सव्वाशेच्या आसपास देश सभासद आहेत. भारत, अमेरिका, रशिया, चीन नाहीत. कोणीही जाऊन बसू शकतो. मी पारपत्र दाखवले, पर्स आणि डबा कुलूपबंद कपाटात ठेवला आणि प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन कानाला यंत्र लावले. समोर जाड काच, पलीकडे न्यायाधीश. साक्षीदाराचे नाव उघड व्हायचे असेल तेव्हा काचेवर पडदा उतरतो.

सुदानमधल्या डारफूरच्या खटल्यातली अखेरची भाषणे चालू होती. आरोपी अली मुहम्मद अली अब्द-अल-रहमान. 2003-04 साली खेडी जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांचा 'अली कुशैब' या नावाचा म्होरक्या तो हाच, असा आरोप होता, एकूण एकतीस कलमांखाली. बचाव असा की, मी तो नव्हेच. निळा कोट घातलेला, चष्मा लावलेला वयस्क माणूस; रस्त्यात भेटला असता तर कोणी निवृत्त कारकून म्हटले असते. पण माझे लक्ष दुसऱ्याच बाकाकडे गेले. तेथे बळींचे वकील बसले होते, दीड हजारांहून अधिक माणसांच्या वतीने. युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणात बळीला साक्षीदाराचीच जागा होती. विचारले तेवढे सांगायचे आणि परत जायचे. येथे त्याला स्वतःचा वकील आहे, म्हणणे मांडायचा हक्क आहे आणि पुढे भरपाई मागायचाही. पुढे, 6 ऑक्टोबर 2025 ला, त्या आरोपीला सत्तावीस कलमांखाली दोषी ठरवले गेले आणि डिसेंबरात वीस वर्षांची शिक्षा झाली.

भरपाईची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. कांगोतल्या बोगोरो खेड्यावर 2003 साली हल्ला झाला. त्याबद्दल कातांगा नावाच्या म्होरक्याला शिक्षा झाली आणि 2017 साली न्यायालयाने 297 जणांचे नुकसान एकेकाच्या नावाने तपासले: जळलेले घर, लुटलेल्या गाई, मेलेला बाप. प्रत्येकाला नाममात्र अडीचशे डॉलर द्यायचे ठरले, शिवाय घर आणि शिक्षण यांसाठी सामुदायिक मदत. दोषी कफल्लक, म्हणून पैसे एका निधीतून. युगांडाच्या ओंग्वेन खटल्यात 2024 साली सुमारे पन्नास हजार बळींसाठी पाच कोटी वीस लाखांहून अधिक युरोंचा हुकूम झाला. तोही कफल्लक, आणि निधीने ती रक्कम देणग्यांतून उभी करायची. हा ओंग्वेन स्वतः लहानपणी पळवून नेलेला पोर होता. असो, त्या खटल्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

सगळ्यात अवघड प्रश्न राहिलाच. युद्धात काय केले याचे खटले होतात. युद्ध सुरू करणाऱ्याचे काय? न्यूरेंबर्गमध्ये आक्रमण हाच सर्वांत मोठा गुन्हा धरला होता. टोकियोत आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी त्याला विरोध केला. कृत्य घडले तेव्हा असा कायदाच नव्हता, म्हणून त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष म्हटले. कायदा व्हायला सत्तर वर्षे लागली. वाळूच्या टेकड्यांतल्या या न्यायालयाला आक्रमणाचा गुन्हा चालवण्याचा अधिकार 2018 पासून मिळाला, पण अशा अटींवर की सभासद नसलेल्या देशाचा पुढारी त्यातून अलगद सुटतो. युक्रेनवर 2022 साली रशियाने आक्रमण केले. न्यायालयाने 2023 च्या मार्चमध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट काढले ते मुले पळवून नेल्याबद्दल. आक्रमणाबद्दल काढता येत नव्हते. म्हणून युरोप परिषदेने आणि युक्रेनने 25 जून 2025 ला वेगळ्या खास न्यायाधिकरणाचा करार केला. दुसरीकडे 2024 च्या नोव्हेंबरात इस्रायलच्या पंतप्रधानांवर वॉरंट निघाले आणि पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेने या न्यायालयावरच निर्बंध घातले. न्यायाधीशांना शिक्षा करण्याची ही रीत ग्रोशियसच्या काळी असती तर त्यांनाही पेट्या शोधाव्या लागल्या असत्या.

खटला होवो न होवो, हेगमध्ये एक खातेवही मात्र उघडली गेली आहे. युक्रेनच्या नुकसानीची नोंदवही. 2024 च्या एप्रिलपासून तीत अर्ज घेणे सुरू झाले आणि पहिले अर्ज होते बॉम्बने पडलेल्या घरांचे. माणूस आपल्या फोनवरून अर्ज करतो: अमुक गाव, अमुक गल्ली, इतक्या खोल्या. पैसे कोण देणार हे ठरायच्या आधी बिल लिहून ठेवायचे. माझ्या आजोबांची पानशेतच्या पुरात गेलेल्या सामानाची यादी आमच्याकडे अजून आहे. तीत पितळेचे डबे आहेत, पाटावरवंटा आहे. तसलीच यादी, फक्त पूर माणसांनी आणलेला.

निघण्यापूर्वी एक जागा पाहायची होती. न्यायालयापासून फार दूर नाही, स्खेव्हेनिंगेनचा तुरुंग. उंच विटांच्या भिंती, टोकाला बुरूज. नाझींच्या ताब्यात असताना, 1940 ते 1945, येथे पंचवीस हजारांवर माणसे कोंडली गेली. आपल्या राजघराण्याच्या नावावरून डच लोक त्याला 'ऑरेंज हॉटेल' म्हणत. 601 नंबरची कोठडी आहे तशी ठेवली आहे. भिंतीवर कैद्यांनी कोरलेली अक्षरे आहेत. भिंतीत एक छोटे दार आहे. त्यातून देहदंडाच्या कैद्यांना बाहेर काढत आणि वाळूच्या टेकड्यांत नेऊन गोळ्या घालत. तेथे मारल्या गेलेल्या अडीचशेंहून अधिक जणांसाठी दरवर्षी 4 मे ला टेकड्यांत घंटा वाजते.

याच तुरुंगाच्या आवारात संयुक्त राष्ट्रांची कोठडी आहे. मिलोशेविच मेला तो येथेच. मी गेले त्या दिवशी म्लादिच आत होता. संग्रहालयाच्या दारातल्या बाईंना मी विचारले की त्याची खोली कोणत्या बाजूला. "ते आम्हाला सांगत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण जेवण चांगले असते म्हणतात, आणि डॉक्टर रोज येतो." मग त्यांनी मला त्या छोट्या दाराकडे जायची वाट दाखवली, भिंतीला धरून डावीकडे, सायकलच्या रस्त्याने.